चपलेचा अंगठा

ज्ञानोबा माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची पायी वारी केली. त्यातलं आळंदी, पुणे, सासवड हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. दिवेघाटात ढग अंगावर उतरले होते. जेजुरीचा भंडारा लोणंदपर्यंत केसांतून निघत नव्हता. नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिथे इतकी रेटारेटी की पादुका मला दिसल्याच नाहीत. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली. मग तरडगाव, फलटण, बरड. पण बरडहून नातेपुत्याकडे निघालो, ती दुपार मात्र तशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

तोवर माझे पाय पार गेले होते. टाचेला फोड आणि अंगठ्याच्या मुळाशी त्याहून मोठा दुसरा. बरडच्या मुक्कामी राहुटीतल्या आजींनी माझा पाय मांडीवर ओढून घेतला, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पानी जाऊ दे माय, कातडं काडू नगंस," एवढंच म्हणाल्या. आजी परभणीकडच्या. त्याआधीचे सगळे दिवस मी त्यांच्यावर चिडलेली होते. त्यांचं ओलं लुगडं माझ्या पिशवीवर वाळत असायचं, पाण्याच्या टँकरला रांग लावायला मलाच पिटाळायच्या आणि रात्रभर घोरायच्या. माऊली माऊली म्हणत एकमेकांच्या पाया पडायचं आणि मनात मात्र उद्या दुसऱ्या राहुटीत जागा मिळेल का हे घोळत राहायचं, असं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक. आषाढ लागलेला, पण पावसाचा टिपूस नाही. पालखी मार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली. ट्रक-टँकरांची सोय झाली हे खरं, पण पायी चालणाऱ्याची सावली गेली याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं. त्या काँक्रीटवर साधुबुवाच्या ओढ्याच्या अलीकडेच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दिंडी पुढे निघून गेली. टाळ ऐकू येत होते, पण आपली दिंडी कोणती हे कळेना. चप्पल हातात धरून मी कडेच्या खडीवरून चालू लागले. पहिल्या दहा पावलांतच डोळ्यांत पाणी आलं.

एका उरलेल्या बाभळीखाली पोतं अंथरून एक काका चपला शिवत बसले होते. समोर आरी, रापी, मेणाचा दोरा, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. हातात चप्पल घेतलेल्या वारकऱ्यांची रांग. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी आधी चप्पल घेतली नाही. "पाय दावा माऊली," म्हणाले. दोरा ओवलेला फोड पाहिला. मग जुना अंगठा पार उसवून काढला, नवा बसवला तो मूळ जागेपासून बोटभर बाहेर, म्हणजे फोडावर ताण येणार नाही. त्याच्याखाली ट्यूबचा तुकडा रापीने गोल कापून चिकटवला, कडा घासून उतरत्या केल्या, स्वतःचं बोट फिरवून कुठे टोचतंय का बघितलं. एवढ्या निगुतीने माझं काम कुणी केल्याचं मला आठवत नव्हतं. मी पन्नासची नोट पुढे केली. त्यांनी हात जोडले आणि चक्क माझ्या पायाला हात लावला. मी घाईने वाकले, त्यांच्या पाया पडले.

"आता बसा घटकाभर," ते म्हणाले. "सोल्युशन वाळाया पायजे. तवर त्या पोराच्या चपलंला सोल्युशन लावून द्या."

मी बसले. लावून दिलं. मग पुढच्या जोडाला. मग त्यांना आरी मारताना चप्पल घट्ट धरून ठेवायला कुणी हवं होतं. रांगेत एक गृहस्थ आपली दिंडी माऊलींच्या रथापुढे चालणाऱ्या मानाच्या 27 पैकी आहे म्हणून आधी नंबर मागत होते. मी त्यांच्यावर असा आवाज चढवला की काका मान वर करून बघायला लागले. मग त्या गृहस्थांनीच मुकाट्याने मागच्या म्हातारबाबांची चप्पल माझ्या हातात आणून दिली.

काम करता करता काका बोलत होते. जवळच्याच वाडीतले. वडील याच रस्त्याला बसायचे. ते गेल्यावर यांचं दारूचं वेड वाढलेलं, धंदा बसलेला. एका वर्षी बायकोने वडिलांची पेटी उचलून रस्त्यावर आणून ठेवली आणि म्हणाली, एक दिवस तरी बसा. "त्या दिवशी एक म्हातारी माझ्या पाया पडली. माझ्या! गावात कोन पडनार? मग रातीला पिऊ वाटंना. आता ह्या एका दिवसासाठी वरीसभर नीट ऱ्हावं लागतं बगा, माऊली. लोक पाया पडत्यात."

यावर मी काय बोलणार? मी चप्पल घट्ट धरली.

माझी आई सहा महिन्यांपूर्वी गेली. त्याआधीची अनेक वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मी केलं. लोक म्हणायचे, मोठी सेवा घडतेय तुझ्या हातून. मला फक्त थकवा आठवतो, आणि संपूच नये आणि संपावं असं दोन्ही एकदम वाटणं. वारीला निघताना मी ठरवलं होतं की आता कुणाचं काही करायचं नाही. बाभळीखाली बसल्यावर हात आपोआप कामाला लागले आणि त्यात कुठेही ओझं नव्हतं. समोरचा माणूस चप्पल घालायचा, दोन पावलं टाकून बघायचा, "माऊली" म्हणून निघून जायचा. तो पुन्हा दिसणार नव्हता. त्या पायांना उद्या बरं वाटेल एवढंच. आईच्या पाठीला पावडर लावताना तीही क्षणभर अशीच सैल व्हायची, हे मला तिथे पहिल्यांदा आठवलं. मी खूप रडले. काकांनी विचारलं नाही, फक्त तांब्या पुढे सरकवला.

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला तेव्हा ऊन कलत होतं. नातेपुत्याला पोचेपर्यंत समाज आरतीची, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीची, वेळ झाली होती. चोपदारांनी दंड उंच धरला आणि हजारो टाळ एकदम थांबले. हरवलं-सापडलं पुकारलं गेलं. कुणाचं पैशांचं पाकीट, कुणाची पिशवी. सापडलेलं माणसं परत आणून देत होती.

त्या रात्री मी खोबरेल कोमट करून आणलं आणि न विचारता आजींचे पाय हातात घेतले. त्यांनी पाय आखडून घेतले. "नगं माय. सासूचं दाबलं, नवऱ्याचं दाबलं. माझं कुनी दाबलं न्हाई." मग हळूहळू पाय सोडले. टाचांच्या भेगांत बोटाचं टोक जाईल एवढी खोली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हात जरा जड ठीव." दुसऱ्या दिवशी शेजारच्या राहुटीतल्या दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी रांग. वेळापूरला सगळे वारकरी पळतात तो धावा मी पळाले, ठाकूरबुवांच्या समाधीचं रिंगण पाहिलं, वाखरीची गर्दी अंगावर घेतली, पण माझा दिवस सुरू व्हायचा तो रात्री, दिवाबत्तीनंतर. आजी घोरायच्या आणि मला चटकन झोप लागायची.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीला डोकं टेकवलं. दर्शनबारीत उभी राहिले नाही. त्याची खंत आहे.

ठाण्यात आमच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडे मी हल्ली शनिवारी संध्याकाळी जाते. अंगठा बसवता येतो, पट्टा उसवून परत शिवता येतो, सोल अजून वाकडा कापला जातो. पुढच्या वारीच्या पिशवीत आरी, मेणाचा दोरा, ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशनची बाटली असणार. बरडच्या पुढच्या काकांना फोन करून शेजारी एक पोतं अंथरायची जागा मागून ठेवलीय. ते म्हणाले, "बसा की. पन लवकर या, आठापास्नं रांग लागती."