‘आपण ब्लॅक कुठे?’ असं विचारलंत म्हणून

इंग्लंडमधल्या मराठी घरांत साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या, घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी लंडनमध्ये काम करणाऱ्या संघटनेचं नाव निघालं की दोन प्रश्न येतातच. ‘आपण ब्लॅक कुठे?’ आणि ‘बायकांच्या एवढ्या संस्था असताना ही वेगळी कशाला?’ दर वेळी तोंडी सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहिते.

1979च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य चाचणी झाली. ती खरंच अविवाहित आहे का, हे अधिकाऱ्यांना पाहायचं होतं. ती गोरी असती तर हे झालं नसतं. तिच्या जागी पुरुष असता तरी झालं नसतं. त्याच वर्षी साउथॉलमध्ये आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायकांनी मिळून ही संघटना उभी केली. वंशभेद सोसणाऱ्या सगळ्यांचं एकत्र नाव म्हणून त्यांनी ‘ब्लॅक’ हा शब्द घेतला. आपल्याला तो टोचतो, कारण वधूवरांच्या जाहिरातींत आपण अजून ‘गोरी’ लिहितो. राग आला तरी चालेल, पण हे खरं आहे.

आणि वेगळी कशाला? किरणजीत अहलुवालियांचं प्रकरण बघा. दहा वर्षं नवऱ्याचा मार. 1989च्या मे महिन्यात तो झोपलेला असताना त्यांनी त्याच्या पायांवर पेट्रोल टाकून पेटवलं. काही दिवसांनी तो मेला. डिसेंबरमध्ये खुनासाठी जन्मठेप झाली. खटल्यात त्या साक्षीला उभ्याच राहिल्या नाहीत. चिथावल्यामुळे भान सुटून मारलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरायचा, असा चिथावणीचा बचाव कायद्यात होता, पण त्यासाठी भान अचानक सुटलेलं असावं लागे. पुरुष जागच्या जागी भडकतो, त्याला तो कायदा कळत होता. जागेपणी ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही, तो झोपेपर्यंत थांबणारी बाई मात्र थंड डोक्यानं खून करणारी ठरत होती. साउथॉलच्या बायकांनी मोहीम चालवली. जुलै 1992मध्ये अपील न्यायालयानं खुनाचा निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य झाली आणि भोगून झालेल्या शिक्षेवर त्या सुटल्या.

पूर्वी मी इथेच थांबायचे, विजय झाला म्हणून. आता तसं थांबवत नाही. चिथावणीचा मुद्दा अपिलात टिकला नव्हता. त्या सुटल्या त्या नैराश्यामुळे जबाबदारी कमी ठरते, या मुद्द्यावर. ‘अचानक’ची अट पुढे 2009च्या कायद्यानं काढली. पण एका बाईला सोडवण्यासाठी तिला आजारी म्हणावं लागलं, ते बरोबर होतं का? दुसरी वाट नव्हती, हे मला कळतं. तरी ते पचत नाही.

अशा संघटनेत स्वयंसेविका म्हणून काम करायचं असेल तर आधी अर्ज, साधारण आपल्याबद्दल खात्री देणाऱ्या दोन व्यक्ती (रेफरन्स), डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी (स्वयंसेवकांना तिची सरकारी फी नसते) आणि गोपनीयतेचं प्रशिक्षण. कस लागतो तो दुभाषी म्हणून बसल्यावर. ‘त्यानं हात उचलला’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलंत तर कागदावर फक्त हात वर झालेला दिसतो, मार दिसत नाही. तरी आपण स्वतः उलटतपासणी घ्यायची नाही. मराठीत याचा अर्थ मारणं असा होतो, हे कार्यकर्तीला सांगायचं आणि कशानं, कुठे, कितीदा हे तिला विचारू द्यायचं. ‘सासुरवास’चंही तेच. तो शब्द तसाच ठेवायचा आणि जेवण, फोन, पासपोर्ट, पगार कुणाच्या हातात आहे ते एकेक करून बाहेर येऊ द्यायचं.

सगळ्यात मोठी चूक होते ती घाईत फॉर्म भरून देण्यात. फेब्रुवारी 2024पासून कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांच्या पीडित जोडीदारांनाही तीन महिने स्वतंत्रपणे इथे राहण्याची सवलत मागता येते आणि त्या काळात सरकारी मदत मिळू शकते. पण ती घेतली की आधीचा डिपेंडंट व्हिसा रद्द होतो, आणि एवढ्यानं त्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. चौथ्या महिन्यात ती बाई कुठे उभी राहणार? म्हणून आधी इमिग्रेशनचा वकील, मग फॉर्म.

आणि मराठी दुभाषी नको, असं ती म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. गणपतीत आपली गाठ पडणार, ही भीती तिला असते. हिंदी येत असेल तर तिला हिंदी दुभाषी मिळवून द्यायची आणि आपण खोलीबाहेर जायचं.