चिखलातले पाय

त्या दिवशी तृतीया होती. भरतीचं गणित मला आजोबांनी शिकवलेलं: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्याला पूर्ण भरती साधारण किती वाजता ते कळतं. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या सुमारास खाडीचा तळ उघडा. सकाळची हार्बर लोकल पकडून मानखुर्दला उतरले, तिथून बेस्टच्या बसनं ट्रॉम्बे. पिशवीत स्केचबुक आणि शाईचा ब्रशपेन. पोटात गोळा.

एका छोट्या गेम स्टुडिओनं मला पहिलंच मोठं काम दिलं होतं. खाडीच्या तळाशी एक नगर आहे, त्याची पहारेकरीण घडवायची. साती आसरांसारख्या जलदेवता नकोत, गिऱ्ह्यासारखं पाण्यातलं भूत नको, पुराणातलं कुणी नको. आजवर कुणी पाहिली नाही अशी हवी. तीन आठवड्यांत मी चार पानं पाठवली. चौथ्यानंतर आर्ट डायरेक्टर बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "रेषा छान आहे तुझी. पण हिला मी ओळखते गं."

रात्री मी चारही पात्रं काळ्या रंगात पूर्ण भरून नखाएवढी करून पाहिली. नुसत्या बाह्याकारावरून पात्र ओळखू यायला हवं, ही या कामातली पहिली परीक्षा. चारही आकार एकच होते: वर निमुळते कान, खाली लोळणारा झगा, हातात भाला. मी खाडी काढतच नव्हते. इतरांनी काढलेल्या चित्रांतून वेचून आणत होते.

ट्रॉम्बेला तिवरांच्या कडेनं बसले. पाणी मागे गेलं होतं आणि करड्या चिखलातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवाव्यात तशी वर आली होती. त्यांच्यामधून निवट्या सरकत होत्या. निवटी मी ताटात अनेकदा पाहिली आहे, जिवंत अशी निवांत कधी पाहिली नव्हती. मासा, पण पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा चालतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर. कोरडे पडले की खोबणीत आत ओढून ओले करून पुन्हा वर. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणतो, ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो, म्हणून मधूनच चिखलात लोळतो. आणि दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर ताडकन उभा. तपकिरी अंगावर निळे ठिपके! इतका निळा रंग त्या चिखलात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तासाभरात मी सहा पानं भरली. पण निवटीला माणसाचं धड जोडलं की ती पुन्हा नाटकातला पोशाख घातल्यासारखी दिसे. काय चुकतंय तेच कळेना.

चिखलातून एक कोळीण मावशी येत होत्या. लुगडं गुडघ्याच्या वर कसलेलं, पाठीला टोपली. त्या माझ्याजवळ थांबल्या आणि वाकून वही बघितली.

"ही काय करते गो?"

"पहारा देते, मावशी. खाडीत."

"चिखलान? आशी उभी? बुडंल ना ती." त्यांनी बोट झग्यावर ठेवलं. "हा भिजला का वढंल खाली. आनि पाय बघ हिचं. हे पाय चिखलान कधी गेलंच नाय."

मग म्हणाल्या, "तू गेलीस का?"

नव्हते गेले. मुंबईत जन्मले, खाडीवरून आयुष्यभर लोकलनं ये-जा केली, पण चिखलात कधी पाय ठेवला नव्हता. चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि मावशींच्या मागे उतरले. तिसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढला तर डावा आणखी खाली. खालून कुणीतरी घोटा धरल्यासारखं वाटलं आणि मी खरोखर घाबरले.

"सरल वर खेचू नको," मावशी म्हणाल्या. "आधी टाच सोडव. हवा जाऊ दे खाली."

टाच हलवली. पायाखालून बुडबुड आवाज आला, हवा आत शिरली आणि चिखलानं पकड सोडली. मग त्यांनी चालून दाखवलं: गुडघे सतत थोडे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं, बोटं फाकून पसरलेली, आणि वजन कधीही एका पायावर फार वेळ नाही. मी त्यांचे पाय बघत राहिले. अनेक वर्षं याच चिखलानं घडवलेले ते पाय होते. रुंद, बोटांमध्ये मोकळी जागा असलेले. ज्या पात्राला मी तीन आठवडे डोक्यापासून खाली काढत होते, ते पायापासून वर काढायला हवं होतं.

काठावर परत येऊन, पाय न धुताच काढायला बसले. आधी पाऊल: पंख्यासारखी बोटं, आणि टाचेला बिजागरीसारखा वेगळा सांधा, जो आधी उचलला जातो. पाय असे, म्हणून गुडघे वाकलेले. गुडघे वाकलेले, म्हणून कंबर रुंद आणि खाली. ती पहारा उभी राहून देतच नाही. चिखलात पार रुतून बसते, फक्त माथ्यावरचे डोळे बाहेर. गालांत पाणी साठवते, बोलली तर ते सांडतं, म्हणून अगदी गरज असेल तेव्हाच बोलते. भाला गेला. धोका दिसला की पाठीवरचा निळा पर उभा राहतो आणि नगरातल्या सगळ्यांना तो दिसतो. अंगावर कसलेलं आखूड वस्त्र, खांदे उघडे, कारण त्वचा ओली राहायला हवी. इथं मला सजवायला काही उरलंच नव्हतं, प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आली होती.

घरी जाऊन आकृती काळी भरली, नखाएवढी केली. बेडकासारखी बसकी, पाठीवर एकच उंच कमान. तशी दुसरी कुणी मला आठवेना. समोरून, बाजूनं, मागून अशी तिन्ही बाजूंची शीट रात्रभर बसून केली आणि पाठवली. दुपारी बाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, "ही बोलली की पाणी सांडतं, मग तिचं नाव कोण सांगणार?" मग आम्ही अर्धा तास तिच्याविषयीच बोलत राहिलो, जणू ती कुठंतरी आहेच.

पुढच्या पंधरवड्यात, पुन्हा तृतीयेला, प्रिंट घेऊन ट्रॉम्बेला गेले. मावशींनी हात लुगड्याला पुसले, कागद धरला. चेहऱ्याकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही. पायांवर नजर ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"चालंल ही," म्हणाल्या, आणि टोपली पाठीला लावून खाली उतरल्या.