डाव्या बाजूची खुर्ची

समुपदेशनाची प्रॅक्टिस सुरू केल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी पुण्यात एका दिवसभराच्या कार्यशाळेला गेले होते. आपली प्रॅक्टिस कशी वाढवावी, हा तिचा विषय होता. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि त्यावर आपला ‘आदर्श क्लायंट’ उतरवायला सांगितला: वय, शिक्षण, उत्पन्न, राहण्याचा भाग, अडचण. मी फारसा विचार न करता लिहून टाकले की, तीस ते चाळीस वयाची, पदवीधर, नोकरी करणारी, जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या भागात राहणारी आणि आपल्या भावना नेमक्या शब्दांत मांडू शकणारी स्त्री. परतताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये तो कागद पुन्हा वाचला, तरीही मी माझेच वर्णन केले आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

अशा स्त्रिया माझ्याकडे आल्याही. सेशन छान होत, वेळेवर सुरू होत, वेळेवर संपत. त्यांचे बोलणे मला अर्ध्या वाक्यात समजे आणि माझे त्यांना. त्या काळातल्या माझ्या नोंदी आज वाचल्या की एक गोष्ट खटकते: आम्ही एकमेकींशी फार लवकर सहमत होत होतो. नवरा समजून घेत नाही, असे कोणी म्हणाले की तो का समजून घेत नसेल, हे विचारायचे मला सुचतच नसे.

दुसरीकडे एक वर्ग माझ्या खोलीत टिकत नव्हता, आणि सोलापुरात राहून हा वर्ग टाळायचा म्हणजे निम्मे गाव टाळण्यासारखेच होते. हे यंत्रमागावर काम करणारे, पन्नाशीच्या पुढचे पुरुष होते. कोणाला गल्लीतल्या डॉक्टरांनी पाठवलेले असे, कोणाला विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकोने ओढून आणलेले असे. “रात्री झोपच येईना झालंय बघा, मॅडम,” एवढे ते सांगत आणि मग गप्प बसत. त्यातल्या एकाची आठवण मला अजून अस्वस्थ करते. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) तो खुर्चीच्या कडेला बसला होता आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर घासत होता, जणू तुटलेल्या धाग्याला गाठ मारतो आहे. मी एकामागून एक प्रश्न विचारत गेले. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो एकदम मोठ्या आवाजात म्हणाला, “काय सांगू आता!” माझ्या छातीत धडधडले. दुसऱ्या भेटीनंतर तो आला नाही. मी वहीत ‘आक्रमक, बदलाची इच्छा नाही’ असा शेरा लिहिला आणि पुढच्या अशा दोघा-तिघांना एका पुरुष सहकाऱ्याकडे पाठवून दिले. बाहेर बसलेल्या इतरांना आवाजाचा त्रास होतो, हे कारणही माझ्याजवळ तयार होते.

कोणताही मनोविश्लेषक स्वतःच्या गुंत्यांच्या आणि आतल्या विरोधाच्या पलीकडे जाऊ शकत नाही, असे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1910 मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच लेखात त्याने काउंटरट्रान्सफरन्सचा, म्हणजे समोरच्या माणसामुळे उपचार करणाऱ्याच्या मनात जे उठते त्याचा, विचार मांडला आणि त्याला अडथळा मानले. पुढे 1950 मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी तो केवळ अडथळा नसून समोरच्याला समजून घेण्याचे साधनही होऊ शकतो, असे म्हटले. हे दोन्ही मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते. मात्र आमच्या अभ्यासक्रमात स्वतः समुपदेशन घेण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे माझी धडधड ही माझ्याविषयीची माहिती आहे, की समोरच्या माणसाविषयीची, हे तपासायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

ती वेळ सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपले काम तपासून घेताना, आली. माझ्या सुपरव्हायझर बाईंनी दुसऱ्यांकडे पाठवलेल्यांची यादी मागितली, ती शांतपणे वाचली आणि एवढेच म्हणाल्या, “यात एकही बाई नाही.” त्यानंतर महिन्यातून दोन शनिवार मी सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसू लागले. हे जवळजवळ अडीच वर्षे चालले. त्यातला बराचसा भाग इथे सांगण्यासारखा नाही, आणि खरे सांगायचे तर कंटाळवाणाही आहे. आत्मविकास हा शब्द जितका उजळ वाटतो, तितका तो प्रत्यक्षात नसतो. तीच ती गोष्ट आपण विसाव्यांदा सांगत असतो आणि आपल्यालाच आपला वीट आलेला असतो.

माझी ती गोष्ट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. ते मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर ते घरी बसत, आणि बोलत तेव्हा आवाज चढवूनच बोलत. आम्ही भावंडे त्यांच्या आवाजाचा अंदाज घेऊन घरात वावरायचो. पुण्याच्या माझ्या समुपदेशक बाईंनी एकदा विचारले, “ते ओरडायचे, की मोठ्याने बोलायचे?” मला प्रश्नाचा राग आला. घरी आल्यावर मी तोच प्रश्न आईला विचारला. ती भाकरी थापत होती. थापणे न थांबवता म्हणाली, “त्यांना उजव्या कानाने ऐकूच येत नव्हतं की. साच्यांच्या आवाजात वीस वर्षं काढली. तुला माहीत नव्हतं होय?”

मला माहीत नव्हते. यामुळे सगळे उलगडले, असे मात्र मी म्हणणार नाही. अण्णा रागीटही होते. मिल बंद झाल्यावर तर फारच. परंतु आवाज आणि राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले, आणि तोवर मी त्या एकाच नावाखाली माझ्या वहीत मांडत आले होते.

यानंतर मी जाहिरात बदलली नाही, दारावरची पाटीही तीच राहिली. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये, त्याहूनही टिकणाऱ्यांमध्ये, हळूहळू फरक पडत गेला. त्यामागे काही गूढ आहे, असे मला वाटत नाही. पूर्वी ज्याला मी दोन भेटींत वाटेला लावत असे, तो आता सहा-सात वेळा येतो, त्याला झोप लागू लागते, तो मागावरच्या जोडीदाराला सांगतो आणि जोडीदार मेहुण्याला घेऊन येतो. आपल्या गावात माणसे अशीच येतात. बारा तासांची पाळी करणाऱ्याला दुपारी चारची वेळ देणे म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखे आहे, एवढी साधी गोष्टही मला तेव्हाच सुचली, आणि मी रात्री आठची व रविवार सकाळची वेळ ठेवली. हे आधी का सुचले नाही, याचे उत्तर मला स्वतःला फार सोयीचे नाही.

काही जणी गेल्याही. पहिल्या वर्षापासून येणारी एक शिक्षिका एके दिवशी म्हणाली, “मॅडम, तुम्ही पूर्वीसारख्या राहिला नाहीत.” ती बरोबर बोलत होती, मी तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणे सोडले होते. थोडे बोलून आम्ही काम थांबवले. मला वाईट वाटले, आणि महिन्याच्या शेवटी फीच्या हिशेबातही ते दिसले, कारण यंत्रमागावरच्या कामगाराकडून मी तेवढी फी घेऊ शकत नाही.

स्वतःवर काम केले म्हणजे कोणालाही मदत करता येते, असा याचा अर्थ मी काढत नाही. दारू सोडवण्याचे प्रशिक्षण माझ्याकडे नाही, ज्याला भास होतात त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवले पाहिजे, आणि मी आजही माणसे दुसऱ्यांकडे पाठवते. आता पाठवताना कारण लिहिते आणि ते सुपरव्हिजनमध्ये मोठ्याने वाचून दाखवते.

सध्या माझ्याकडे बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ येतात. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी, आणि रागावले की दखनी. त्यांनाही उजव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून ते आले की मी माझी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला सरकवते. त्यांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला जाड पडदा लावला आहे आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ चालू ठेवते. पंख्याच्या घरघरीत त्यांना शब्द लागत नाहीत, तेव्हा पंखाही बंद करावा लागतो. मे महिन्यात, रात्री आठलाही भिंती तापलेल्या असताना, आम्ही दोघे घाम पुसत बसतो. परवा ते बराच वेळ गप्प होते आणि मीही होते. मग त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पंखा लावा आता. आज बोलायचं नाही, नुसतं बसायचं आहे.”