डिसेंबरात ध्रुव शोधताना

सप्तर्षींतले पुलह आणि क्रतु हे दोन तारे जोडा, ती रेघ क्रतुच्या पुढे पाचपट न्या, ध्रुव सापडेल. दिशा ओळखण्याबद्दल जिथे वाचावं तिथे हेच. पण डिसेंबरात संध्याकाळी आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, मध्यरात्रीनंतर नीट वर येतात, हे कुणी सांगत नाही. याचा राग अजून आहे.

सूर्याचं चटकन जमलं. काठी रोवून भोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे एक खडा, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व.

घोडं अडलं ते रात्री. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम होता. अंधार पडल्यापासून मी उत्तरेकडे डोळे लावून बसलो होतो. ईशान्येला पुण्याचा उजेड, खाली धुरकट पट्टा आणि सप्तर्षींचा पत्ता नाही. ध्रुव ठळक असतो हा समज तर आधी डोक्यातून काढा. तो मध्यम तेजाचा तारा आहे. आणि आपल्याकडे तो खूप खाली असतो. ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश, राजगडावर साधारण 18 अंश. हात ताठ धरून मूठ वळली की 10 अंश होतात, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. उत्तरेला डोंगर आडवा असेल तर विषयच संपला.

शेवटी शर्मिष्ठा या तारकासमूहाने सोडवलं. त्या वेळी ती उत्तरेला चांगली वर होती, पाच तारे, इंग्रजी ‘एम’सारखे. मधल्या ताऱ्यापासून खाली तीन मुठी मोजल्या आणि धुरकट पट्ट्याच्या जरा वर एकटाच तारा दिसला. तासाभराने पाहिलं, शर्मिष्ठा कलली होती, तो जागेवरच. तेव्हा जो आनंद झाला तो काय सांगू!

खात्रीसाठी मृगातला बाण बघा. ते तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात. बॅटरी मात्र बंद ठेवा, डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

काठीचं एक राहिलं. भर दुपारची सावली उत्तरेला पडते, हा नियम पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उलटतो. सूर्य डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो, सावली दक्षिणेला पडते. शिवाय इथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते, बाराला नाही. त्या महिन्यांत वर्तुळाचीच रीत वापरा, ती बारा महिने चालते.