पंचवीस हजारांची शाळा

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ४२. समग्र शिक्षा योजनेत एवढ्या पटाला वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. (आमच्याकडे बारशालाही याहून जास्त उडतात!)

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा. पण लिहितात गुरुजी, सह्या ठोकतो आम्ही. यंदा आम्ही बायकांनीच लिहिला: गळका वर्ग, मुलींचं स्वच्छतागृह, कुंपण. ग्रामसभेत वाचला.

सरपंच म्हणाले, ‘वहिनी, निधी आला की बघू.’

‘भाऊ, आधी ठराव लिहा, मग बघा.’

लिहिला. आता नक्कल घेऊन सोमवारी पंचायत समितीत.