कुत्रं फिरवायचे लोक पैसे देतात?

सकाळी इंदूरच्या टिळकनगरात कुत्र्याचा पट्टा हातात धरून मी निघाले, की कुणीतरी थांबवून हे विचारतंच. मागोमाग दुसरा प्रश्न येतो: आमच्या मुलीला असं काही सुरू करायचं असेल तर? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

देतात. पण नुसत्या फिरवण्यात फार काही सुटत नाही. खरी कमाई मालक गावाला गेल्यावर कुत्रं सांभाळण्यात आहे: दिवाळी, मे महिना, लग्नसराई. आणि ते काम पत्रकं वाटून मिळत नाही. अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली कोण देईल? रोज ठरल्या वेळी दारात येणाऱ्यालाच देतात. म्हणून सुरुवात फिरवण्यापासून करायची, तीही घरापासून पायी जाता येईल तेवढ्याच टापूत. विजयनगरहून जास्त पैशांचं बोलावणं आलं तरी जाऊ नये. एकदा पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की पुढची सगळी घरं उशिरा होतात, आणि कुत्र्यांना उशीर कळतो.

आपल्या मराठी घरांतली गिऱ्हाइकं बरीचशी एकाच साच्यातली. मुलगा नोकरीला पुण्याला, त्यानं हौसेनं आणलेला लॅब्रॅडॉर इथे आईवडिलांकडे. तीस किलोचं जनावर ओढायला लागलं की काकांचे गुडघे बोलायला लागतात. मुलानं त्याला ‘सिट’ शिकवलेलं, काकू ‘बस रे सोन्या’ म्हणणार, कामवाल्या बाई हिंदीत दटावणार. म्हणून पहिल्या भेटीत मी आधी विचारते, हा कुठल्या शब्दाला ऐकतो? मग लसीचं कार्ड बघते. रेबीजची लस वेळेवर टोचलेली नसेल तर पट्ट्याला हात लावत नाही. शेवटी विचारते, कधी कुणाला चावलाय का? ‘नाही हो, नुसते दात लावतो’ असं उत्तर आलं, की चहा संपवते आणि निघते.

उन्हाळ्यात वेळापत्रक सूर्य ठरवतो. पारा चाळिशीला गेला की डांबर साठीपर्यंत तापू शकतं, आणि कुत्रं त्यावर अनवाणी चालतं. तळहाताची मागची बाजू रस्त्याला लावून पाच सेकंद ठेवा. नाही ठेववली, तर परत फिरा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर फारच जपायचं. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं आणि यांना नीट धापाही टाकता येत नाहीत. मे महिन्यात त्यांना पहाटे कोपऱ्यापर्यंत नेऊन आणते. मालक कुरकुरतात, कुरकुरू देते.

इंदूरचा खास धोका म्हणजे पोहे. रविवारी सकाळी ठेल्याभोवती गर्दी असते, खाली कुणाच्या तरी हातून कागद पडलेला, त्यावर शेव, जिरावन मसाला आणि कच्चा कांदा. लॅब्रॅडॉरला एवढंच हवं असतं. कांद्यानं कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि त्रास काही वेळा दोनतीन दिवसांनी दिसतो, तोवर रविवारचे पोहे कुणाच्या लक्षातही नसतात. लसूण, मनुका, चॉकलेट याच यादीत येतात. जिलबीनं एवढं होत नाही, पण तीही नकोच.

शी उचलावी लागते, हे मुलीला आधीच सांगा. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवलेलं आपलं शहर. इथे गॅलरीतून चार डोळे तुमच्याकडेच लागलेले असतात. कुत्रं एका जागी गोल गोल फिरायला लागलं की चपळाईनं मागून वर्तमानपत्र सरकवायचं. जमायला लागलं की मजा येते, खरंच.

गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडून उपयोग नाही. त्यांची हद्द असते, आपण पाहुणे. लांबून टोळी दिसली की रस्ता बदलायचा, बिस्किटं मात्र टाकायची नाहीत, नाहीतर वरात मागे लागते. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायच्या कितीतरी आधी सगळी कुत्री घरी पोचलेली हवीत. दिवाळीत आणि देवउठणीला, म्हणजे कार्तिकी एकादशीलाही, अंधार पडण्याआधीच फिरवून आणायचं. फटाक्याच्या आवाजानं पट्ट्यातून मान काढून पळालेलं कुत्रं हाका मारून परत येत नाही. म्हणून त्या दिवसांत छातीवरून बांधायचा हार्नेस हवा, आणि गळ्यात मालकाचा मोबाइल नंबर.

राहिला हिशेब. दुधासारखा महिन्याचा ठेवा, पण खाडे कापू नका, नाहीतर पाऊस पडला की गिऱ्हाईक तुमचीच सुट्टी मांडतं. सांभाळायला कुत्रं घेतलं तर अर्धे पैसे आधी घ्या, आणि डॉक्टरकडे न्यावं लागलं तर खर्च कुणाचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मावशीच्या कुत्र्यालाही हाच दर. मावशी महिनाभर बोलणार नाही. दिवाळीत कोकणात जायचं ठरलं की तिचाच फोन येतो.