‘तिकडं सेफ आहे का हो?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्यातून एखादा फोन येतोच. कुणाच्या मावसभावाचा मुलगा असतो, कुणाचा जुना रूममेट. "काका, लेगॉसची ऑफर आलीय. पॅकेज बरं आहे. पण तिकडं सेफ आहे का हो?" मध्यंतरी सांगलीत एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी पुढं करत हेच विचारलं. उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, वाढपी जिलेबी घेऊन आला होता.

२००९ ते २०१८ मी नायजेरियात होतो. लेगॉसच्या वेशीवर, ओटाला, प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचो. या प्रश्नाची माझ्याकडे दोन-तीन तयार उत्तरं आहेत आणि त्या सगळ्यांचा मला आता कंटाळा आलाय.

पहिलं उत्तर चिडकं. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. तुम्ही रात्री अकराला पुण्याहून कोल्हापूरला गाडी काढता, तेव्हा विचारता का कुणाला, सेफ आहे का म्हणून? समोरचा गप्प होतो. बरीच वर्षं मला हे उत्तर फार आवडायचं. पण त्यात खोट आहे. हायवेवरचा ट्रक माझं तोंड बघून अंगावर येत नाही. तिथं मी ‘ओयिबो’ होतो, बाहेरचा, आणि बाहेरचा म्हणजे खिशात पैसे. ट्रॅफिकमध्ये शंभर गाड्या अडकलेल्या असतात, त्यातल्या नेमक्या एका काचेवर टकटक होते.

दुसरं उत्तर भूगोलाचं. एप्रिल २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या, तेव्हा आईनं रडत फोन केला होता. चिबोक ईशान्येला बोर्नो राज्यात, लेगॉस नैर्ऋत्येला समुद्रावर, मधे हजार किलोमीटरहून जास्त अंतर. तेलकंपन्यांची माणसं उचलायचे ते आणखी तिसरीकडं, नायजर नदीच्या मुखाकडं. हे उत्तर बरोबर आहे, आणि त्यानं कुणाचंही समाधान होत नाही. आईचंही झालं नाही.

तिसरं उत्तर कामाचं, आणि ते मी अजूनही देतो. पिवळ्या तापाची लस घे, कार्ड पासपोर्टला लावून ठेव. ते नसेल तर परत येताना मुंबईच्या विमानतळावरूनच विलगीकरणात बसवतील. मलेरियाला हसू नकोस, तिथला फाल्सिपेरम असतो, म्हणजे जिवावर उठणारा प्रकार. सुट्टीवर आल्यावर ताप आला तर इथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की मी आफ्रिकेतून आलोय. आमच्यातला एक जण हे न सांगता व्हायरल फीव्हरच्या गोळ्या खात सहा दिवस घरी पडून राहिला आणि सातव्या दिवशी आयसीयूत गेला. वाचला. बंदुकीपेक्षा डासाला भी, असं मी पोरांना सांगतो. पोरं हसतात.

पण तुम्ही परत परत विचारता, आणि मी परत परत हीच तीन उत्तरं फिरवून देतो, याचं कारण वेगळं आहे.

जॉइन झालो त्या पहिल्याच आठवड्यात सिक्युरिटीच्या साहेबांनी समोर बसवलं होतं. तिथल्या लष्करातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. सातनंतर गेटबाहेर गाडी नाही. परदेशी माणसानं स्वतः गाडी चालवायची नाही. दारं लॉक, काचा वर. कुणी अडवलंच तर हात दिसतील असे ठेवायचे, तोंडाकडं बघायचं नाही, मागतील ते देऊन टाकायचं. वाद नाही, ओढाताण नाही, झटकन हालचाल नाही. खाली माझी सही.

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा. तिथल्या रहिवासी कार्डाच्या कामाला म्हणून घेतात आणि मग तो तिकडंच राहतो. मी त्यावरून एचआरशी दोन वर्षं भांडत होतो. परदेशात आपला पासपोर्ट आपल्यापाशीच पाहिजे, हे मी नव्या पोरांना अगदी ठासून सांगायचो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अखेर तो माझ्या हातात आला. तेव्हापासून मी तो बॅगेत घालून सगळीकडं मिरवत होतो.

ते इबोलाचे दिवस. जुलैत लायबेरियाहून विमानानं आलेला एक पेशंट लेगॉसमध्ये उतरला. ज्या डॉक्टरबाईंनी दबाव झुगारून त्याला हॉस्पिटलबाहेर जाऊ दिलं नाही, त्या अमेयो अडाडेव्हो १९ ऑगस्टला इबोलानंच गेल्या. सगळ्या देशात मिळून २० जणांना लागण, ८ मृत्यू, एवढ्यावर ते थांबलं, आणि ऑक्टोबरात नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. पण ऑगस्टमध्ये हे कुणाला ठाऊक होतं? लोक हात मिळवेनासे झाले होते. मिठाच्या पाण्यानं आंघोळ केली की इबोला होत नाही, असा मेसेज फिरत होता, आणि आमच्या शॉप फ्लोअरवरच्या निम्म्या लोकांनी ती केली होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, गणेश चतुर्थी. लेगॉसमध्ये इलुपेजूला एका मराठी घरी दीड दिवसाचा गणपती होता, आठला आरती. मी कारखान्याच्या आवारातली जास्वंदीची फुलं तोडली, दूर्वा म्हणून खपेल असं गवत तोडलं, कुर्ता घातला, गळ्यात उपरणं टाकलं. निघायला साडेसहा झाले. ड्रायव्हर मला ‘ओगा’ म्हणायचा, म्हणजे साहेब. तो म्हणाला, "ओगा, दिस टाइम नो गुड ओ." मी म्हटलं, अरे, तासाभरात पोचू. तासाभरात! शुक्रवारी संध्याकाळी, त्या खड्ड्यांच्या अबेओकुटा रोडनं! तो दोन सेकंद उभा राहिला, मग गेटवरच्या वहीत सही करून आला. वहीत सही ड्रायव्हर करतो. हे लक्षात ठेवा.

इयाना इपाजाच्या अलीकडं गाड्या ठप्प झाल्या. तिथं याला ‘गो-स्लो’ म्हणतात, पण स्लोसुद्धा नव्हतं, नुसतं थांबणं होतं. सव्वाआठ झाले असतील. मी मागं उजवीकडं बसलो होतो आणि आरती चुकली म्हणून मनात चरफडत होतो. माझ्या काचेवर टकटक झाली. गावठी पिस्तूल होतं, पाइपला मूठ बसवल्यासारखं. पोरगा आमच्या अप्रेंटिसांच्या वयाचा, पलीकडं अजून दोघं. मी काच खाली केली. हात दिसतील असे ठेवले. फोन दिला. पाकीट दिलं. तोंडाकडं बघितलं नाही. इथवर सगळं शिकवल्यासारखं.

मग त्यानं बॅग मागितली.

मी ती सोडली नाही. किती वेळ? तीन सेकंद, चार. मी काही शूरबिर नव्हे. दोन वर्षं भांडून मिळवलेली वस्तू त्या बॅगेत होती आणि हाताला ते माहीत होतं, एवढंच. त्यानं ओढली, मी ओढली. पुढून ड्रायव्हर ओरडला, "ओगा, गिव्ह अॅम! गिव्ह अॅम!" आणि माझ्या हातातून बॅग सोडवायला त्यानं दोन सीटांमधून उजवा हात मागं घातला. पोराला तो हात दिसला. त्यानं गोळी झाडली.

आवाज आठवत नाही. उपरणं आठवतं. त्याला जरीची किनार होती आणि कोपराच्या वर ते बांधताना ती किनार बोटांना कापत होती. बॅग गेलीच होती. आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा वर होत्या; त्यांनाही तेच शिकवलेलं असणार. ड्रायव्हरला मी शेजारच्या सीटवर सरकवलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा लेगॉसमध्ये गाडी चालवली. त्याचा बटणांचा छोटा फोन डॅशबोर्डवर होता. मला कुणाचाच नंबर पाठ नव्हता. त्याच्या यादीत खाली जाताना ‘ओगा इंडिया’ असं नाव आलं. तो मी होतो.

पहिल्या दवाखान्याच्या गेटवर मास्क लावलेल्या माणसानं आधी ताप मोजायचं यंत्र आमच्या कपाळावर रोखलं. तेही पिस्तुलासारखंच दिसतं. ताप नव्हता. मग त्यानं रक्त बघितलं आणि दोन पावलं मागं गेला. गोळी लागलीय म्हटल्यावर पोलीस रिपोर्ट मागितला. त्या काळात तिथं हे सर्रास चालायचं: गोळी लागलेला माणूस म्हणजे दरोडेखोरही असू शकतो, तेव्हा आधी कागद, मग उपचार. असं अडवायचं नाही असा कायदा झाला तो २०१७ मध्ये. आम्ही २०१४ मध्ये गेटवर उभे होतो. मी हिंदीत, मराठीत, इंग्रजीत ओरडलो. ड्रायव्हर मात्र अतिशय शांतपणे त्या माणसाला "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

कागद मिळायला दीड तास लागला. सिक्युरिटीचे साहेब पैसे घेऊन आले, बाकीचं त्यांनी निस्तरलं. दुसऱ्या हॉस्पिटलात त्याला घेतलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. हात राहिला. अंगठा आणि शेजारचं बोट वळेनासं झालं. स्टिअरिंग धरता येत नाही अशा माणसाला ड्रायव्हर म्हणत नाहीत.

सोमवारी मी रिपोर्ट लिहिला. त्यातलं एक वाक्य मला शब्दशः पाठ आहे: ‘ड्रायव्हरनं अचानक हालचाल केली, त्यामुळे हल्लेखोरानं गोळी झाडली.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बॅग मी धरून ठेवली होती हे मी लिहिलं नाही. मला कुणी विचारलं नाही. गेटच्या वहीत सही कुणाची होती, तुम्हाला माहीत आहे. परवानगीशिवाय संध्याकाळी गाडी बाहेर काढली, सुरक्षेचा नियम मोडला, म्हणून तीन आठवड्यांनी त्याला काढलं. उपचाराचा खर्च कंपनीनं केला, दोन महिन्यांचा पगार दिला. माझी बदली आतल्या क्वार्टरमध्ये झाली. पासपोर्ट व्हिक्टोरिया आयलंडवर आपल्या उच्चायुक्तालयाच्या कार्यालयात अर्ज करून नवा मिळाला. तो मी स्वतःहून तिजोरीत दिला.

त्यानंतर मी चार वर्षं तिथंच राहिलो. सांगलीच्या घराचे हप्ते होते, मुलीचं इंजिनिअरिंग होतं. भीती वाटली नाही का? खरं सांगतो, आधीपेक्षा कमी वाटायची. गेटच्या आत जनरेटर, आतच मेस, आतच बॅडमिंटन. मी अगदी सेफ होतो.

घरी सांगितलं होतं, फोन आणि पाकीट चोरीला गेलं. बायकोला खरं कळलं ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. घरात बसून बसून माणूस काहीही बोलून जातो. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "त्याला मुलं किती होती?" तीन की चार, मला सांगता येईना. पाच वर्षं रोज त्याच्याच गाडीत बसत होतो.

त्याचा ख्रिसमसला फोन यायचा. "ओगा, हाऊ फॅमिली?" गोळीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. घराच्या पुढं बायकोनं छोटं दुकान टाकलंय, रिचार्ज आणि थंड पाणी विकतात, एवढं कळलं. मी दोनदा पैसे पाठवले. तिसऱ्यांदा त्यानं मुलीच्या फीसाठी मागितले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, झालं, सुरू झालं. पाठवले, पण तो विचार आलाच. गेले दोन ख्रिसमस फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

मी स्वतःशी यावर पुष्कळ भांडलोय. तेव्हाचा मी म्हणतो, पिस्तूल तू झाडलंस का? नाही. परक्या देशात सणाच्या दिवशी चार आपली माणसं बघावीशी वाटली, हा काय गुन्हा? पासपोर्ट जवळ ठेव असं सगळेच सांगतात, ते चूक? चूक नाही. आजही सांगेन. मग वाक्य असं का लिहिलंस? यावर तो गप्प बसतो. रिपोर्टमध्ये खरं लिहिलं असतं तर कदाचित दोघांनाही काढलं असतं. कदाचित एकट्या मला. ते मला तेव्हा नको होतं. आज हवं असतं का, तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घराचे हप्ते फिटलेत, त्यामुळे आता बोलायला काय जातंय.

गेल्या महिन्यात भाच्याचा मित्र ऑफर लेटर घेऊन घरी आला. नायजेरियाच, पण दुसरं शहर. मी सगळं वाचलं. इन्शुरन्समध्ये आजारी पडल्यावर देशाबाहेर हलवण्याची सोय आहे का ते बघितलं, पगार किती इथं आणि किती तिथल्या नायरात ते बघितलं. मग म्हटलं, एचआरला एक विचार: गाडी बाहेर काढताना गेटच्या वहीत सही कोण करतं? आणि गाडीत बसलेल्या माणसाची सही घेतात का?

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काका, असं कसं विचारायचं? त्यांना वाटेल पोरगा आत्तापासूनच कटकट्या आहे. सेफ आहे का तेवढं सांगा ना."

मी त्याला मलेरियाचं सांगितलं. परवा तो पिवळ्या तापाची लस घेऊन आला, दंड दुखतोय म्हणाला.